थालरवरची तीच चीर

मी लाइपझिगला राहतो. मागच्या ऑक्टोबरात एका नाणेमेळ्यात १८० युरो मोजून सॅक्सनी या जुन्या जर्मन राज्याचा 'तीन भावांचा थालर' घेतला, साल १६०३. थालर म्हणजे चांदीचं मोठं नाणं. एका बाजूला खांद्यावर तलवार घेतलेला सॅक्सनीचा शासक ख्रिश्चन (दुसरा), दुसऱ्या बाजूला त्याचे दोन धाकटे भाऊ आणि ड्रेस्डेन टाकसाळीचा प्रमुख हान्स बीनर याची 'एच बी' ही अक्षरं. वजन भरलं २८.९ ग्रॅम. १५६६ च्या ऑग्सबर्गच्या ठरावाने थालर २९.२३ ग्रॅमचा ठरला होता, त्यामुळे झीज धरून मला ते पटलं.

काठावर, घड्याळात चार वाजतात त्या जागी, अक्षरापर्यंत गेलेली बारीक चीर होती. ठसा उमटवायला हातोडा बसताना नाण्याची कोरी चकती कधी कधी काठाला फाटते, म्हणून मला ती अस्सलपणाचीच खूण वाटली.

तीन आठवड्यांनी त्याच विक्रेत्याच्या टेबलावर १६०३ चाच थालर दिसला. चीर त्याच जागी, तेवढीच लांब, शेवटाला तशीच वळलेली. मी विचारलं तर म्हणाला, "दोन्ही नाणी एकाच ठशाची आहेत, साम्य असणारच."

इथेच नवखा माणूस फसतो. ठशालाच तडा गेला असेल तर तो अनेक नाण्यांवर उमटतो, पण उठावाची रेघ म्हणून. चकतीची चीर ही त्या एकाच चकतीची. प्रत्येक चकती वेगळी कापलेली, प्रत्येक घाव वेगळा. दोन नाण्यांवर तीच चीर म्हणजे दोन्ही एकाच नाण्यावरून केलेल्या साच्यातली.

घरी येऊन पाण्याने तपासलं. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य केला, नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवलं, तळाला टेकू दिलं नाही. आकडा येतो तो वजन भागिले घनता इतका. थालरच्या चांदीची घनता सुमारे १०.३, म्हणजे आकडा २.८ ग्रॅमच्या आसपास यायला हवा होता. आला ३.२, म्हणजे आतला धातू चांदीपेक्षा कमी घनतेचा. चांदीचा फक्त मुलामा होता. मग भिंगाखाली कडेवर कानशीने घासलेली जोडाची रेषाही दिसली.

पुढच्या मेळ्याला तो विक्रेता आलाच नाही. पावती काढून नीट वाचली, तर त्यावर लिहिलं होतं 'जुनं पदक'. ना राज्य, ना साल. तुम्ही घ्याल तेव्हा पैसे देण्याआधी पावतीवर राज्य, साल, टाकसाळ आणि 'अस्सल' हा शब्द लिहून घ्या. जो लिहायला कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊ नका.