सही करायची की ड्रॉइंगं काढायची? स्पेन, मेक्सिको आणि चिली

बी.आर्क. झालं, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नंबर हातात आला, दोन-तीन वर्षं मंजुरीची ड्रॉइंगं काढून कंटाळा आला आणि मग स्पॅनिशचा क्लास लावला. अशी मुलं-मुली हल्ली विचारतात, "स्पेन बरं की लॅटिन अमेरिका?" मी त्यांना उलटा प्रश्न टाकतो : तिथे नकाशांवर जबाबदार आर्किटेक्ट म्हणून स्वतःची सही चालवायची आहे, की दुसऱ्याच्या सहीखाली काम करायची तयारी आहे? पुढचा सगळा हिशोब या उत्तरावर आहे.

स्पेनपासून सुरुवात करू, कारण स्वप्नं सगळ्यांना तिथलीच पडतात. तिथे आर्किटेक्टच्या सहीला जेवढा मान, तेवढंच ओझं. आपल्याकडे स्ट्रक्चर म्हटलं की आरसीसी कन्सल्टंटला फोन जातो. तिथे स्ट्रक्चरवरची सहीसुद्धा आर्किटेक्ट करतो. साइटवर कामाचा दर्जा बघायला 'आपारेखादोर' नावाचा वेगळा तांत्रिक माणूस असतो, पण त्यामुळे तुमची मान सुटत नाही. १९९९ च्या बांधकाम कायद्यात दोषांच्या जबाबदारीची मुदत ठरलेली आहे : फिनिशिंगसाठी १ वर्ष, ओल-गळतीसारख्या राहण्यातल्या दोषांसाठी ३ आणि स्ट्रक्चरसाठी १०.

या सहीपर्यंत पोचायचं तर आधी आपल्या पदवीचं 'ओमोलोगासिओन', म्हणजे स्पॅनिश पदवीशी समकक्षता, तिथल्या मंत्रालयाकडून मिळवावी लागते. २०२२ च्या हुकुमात त्यासाठी ६ महिन्यांची मुदत घातली आहे. फाइल मात्र फाइलसारखीच चालते, ते काही आपल्याला नवीन नाही. वर आणखी विषयांच्या परीक्षा द्या, असंही उत्तर येऊ शकतं. ते झालं की 'कोलेखिओ'चं, म्हणजे आर्किटेक्टांच्या व्यावसायिक संघटनेचं, सभासदत्व, आणि मग बांधकामाच्या नकाशांवर त्या कोलेखिओचा शिक्का.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. माद्रिद-बार्सिलोनात 'मास्टर' करायला भरपूर जण जातात आणि समजतात की आता आपण तिथले आर्किटेक्ट झालो. सहीचा हक्क देणारा मास्टर वेगळा असतो, त्याला 'आबिलितान्ते' म्हणतात. बाकीचे मास्टर पोर्टफोलिओला उत्तम, सहीला शून्य. फी भरण्याआधी हा एकच शब्द विचारून घ्या.

नोकरीचं बोलायचं तर २००८ च्या मंदीत स्पेनचं बांधकाम असं बसलं की तिथल्याच आर्किटेक्टांची एक पिढी देशाबाहेर पडली. त्या काळात बळावलेली एक सवय अजून गेलेली नाही. तिला 'फाल्सो आउतोनोमो' म्हणतात : रोज ऑफिसात बसायचं, बॉसचं ऐकायचं, पण कागदोपत्री तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक, सामाजिक सुरक्षेचा हप्ता तुमच्याच खिशातून. व्हिसावर असलेल्या माणसाने यात पडू नये, नोकरीचा करारच मागावा. नागरिकत्वाचं गणितही आपल्या बाजूचं नाही. लॅटिन अमेरिकेतल्या माणसाला २ वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो, आपल्याला १० वर्षांनी.

मेक्सिकोची पद्धत आपल्याला जास्त ओळखीची वाटेल. मेक्सिको सिटीत बांधकामाची जबाबदारी 'दे-एरे-ओ' घेतो, म्हणजे शहराकडे नोंदलेला जबाबदार संचालक, आणि मोठ्या कामात स्ट्रक्चरसाठी त्याच्या जोडीला वेगळा माणूस असतो. ही कडक व्यवस्था भूकंपांनी घडवली. १९ सप्टेंबर १९८५ ला शहर उद्ध्वस्त झालं. २०१७ मध्ये त्याच तारखेला सकाळी ११ वाजता भूकंपाची रंगीत तालीम झाली आणि दुपारी सव्वाच्या सुमारास खरा भूकंप आला.

परक्या माणसाचं घोडं अडतं ते कामगार कायद्यापाशी. मालकाकडे किमान ९० टक्के माणसं मेक्सिकन हवीत, आणि तांत्रिक-व्यावसायिक पदांवर तर, त्या विषयातला मेक्सिकन मिळत नसेल तरच बाहेरचा. म्हणून नुसता 'आर्किटेक्ट' म्हणून अर्ज टाकून उपयोग नाही, दर्शनी काचभिंती किंवा हॉस्पिटल प्लॅनिंग असं काहीतरी नेमकं हातात हवं. स्वतः व्यवसाय करायचा तर शिक्षण खात्याची 'सेदुला', म्हणजे व्यवसायाचा परवाना, लागते.

पण साइटची हौस असेल तर मेक्सिकोसारखी मजा नाही. ३ मे हा तिथे गवंड्यांचा दिवस. अर्धवट बांधकामाच्या सगळ्यात उंच जागी फुलं आणि रंगीत कागद लावलेला लाकडी क्रूस उभा करतात, आणि त्या दिवशीचं जेवण मालकाकडून. आपल्याकडे स्लॅबच्या दिवशी नारळ फुटतो, पेढे वाटतात, तसलाच प्रकार. मजूर तुम्हाला 'आर्की' म्हणून हाक मारू लागले की समजायचं, जमलं.

चिलीकडे आपल्या लोकांचं लक्ष कमी असतं, आणि माझा कल नेमका तिकडेच आहे. तिथेही ८५ टक्के स्थानिकांची अट आहे, पण २५ पेक्षा जास्त माणसं असलेल्या मालकाला. आर्किटेक्टांची बरीच ऑफिसं त्याहून लहान असतात. कोलेखिओचं सभासदत्व सक्तीचं नाही. नगरपालिकेत नकाशे दाखल करायला मान्यताप्राप्त पदवी आणि पालिकेचा व्यवसाय परवाना, 'पातेन्ते', लागतो. पदवीची फेरमान्यता युनिवर्सिदाद दे चिलेसारख्या सरकारी विद्यापीठाकडून घ्यायची, तिथेही परीक्षा देण्याची तयारी ठेवा. दरम्यान सहीशिवायचं काम करून पोट भरता येतं. २०१६ मध्ये सरकारने सार्वजनिक कामांसाठी 'प्लानबिम' (इमारतीचं संगणकीय मॉडेल, म्हणजे बिम, वापरण्याचा कार्यक्रम) सुरू केला, त्यामुळे रेव्हिट या बिमच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्या माणसाला बोलण्यासारखं काही असतं. मात्र पर्यटक म्हणून जाऊन तिथे कागद बदलून घेऊ, हे २०२२ पासून बंद. व्हिसा इथूनच काढून जायचं. आणि चिलीयन स्पॅनिश! शब्दाच्या शेवटचा 'स' गिळून इतक्या भरभर बोलतात की क्लासातलं निम्मं पहिल्याच दिवशी वाया जातं.

पेरूबद्दल थोडक्यात : परदेशी माणसं २० टक्क्यांवर नकोत, त्यांचा पगार एकूण पगाराच्या ३० टक्क्यांवर नको, आणि कोलेखिओ सक्तीचं. पण लिमाला एकदा जाऊन यावंच. १९६९ च्या 'प्रेवी' गृहप्रकल्पाच्या स्पर्धेत आपले आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया होते. त्यांची अरुंद, लांबोडकी घरं तिथे उभी राहिली आणि राहणाऱ्यांनी त्यांवर मजले चढवले. पुढे बेलापूरला त्यांनी वाढती घरं बांधली, आणि चिलीत तिथले आर्किटेक्ट आलेहांद्रो आरावेना यांनी इकिके शहरात अर्धं घर बांधून उरलेलं कुटुंबांवर सोडलं. बेलापूर पाहिलं असेल, मोजलं असेल, तर ते पान पोर्टफोलिओत पहिलं लावा. चिलीच्या राजधानीत, सांतियागोत, ते समजावून सांगावं लागणार नाही.

तेव्हा शिक्षणाला पैसे आणि हाताशी चार-पाच वर्षं असतील तर स्पेन, भारतातली कंपनीच बदलीवर पाठवत असेल तर मेक्सिको, आणि स्वतःच्या हिमतीवर निघायचं असेल तर चिली.

कुठेही जा, पोर्टफोलिओची प्रत त्या देशापुरती वेगळी करा. काँक्रीटला माद्रिद आणि सांतियागोत 'ओर्मिगोन' म्हणतात, मेक्सिको आणि लिमात 'कोन्क्रेतो'. सेक्शनला (इमारत उभी कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगला) स्पेनमध्ये 'सेक्सिओन', अटलांटिक ओलांडला की 'कोर्ते'. ऑफिसलासुद्धा स्पेनमध्ये 'एस्तुदिओ', मेक्सिकोत 'देस्पाचो', चिलीत 'ओफिसिना'. मेक्सिकोच्या देस्पाचोला लिहिलेल्या पत्रात स्पेनचा शब्द राहिला, की हेच पत्र आणखी चाळीस ठिकाणी गेलंय हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं.