मांजरीच्या ऑपरेशननंतरचा प्लॅस्टिकचा कोन: सात महिन्यांनी

शेजारच्या काकी काल त्यांच्या मांजरीसाठी आमचा कोन (टाके चाटू नयेत म्हणून मानेभोवती बसवतात तो) मागायला आल्या. त्यांना जे सांगितलं तेच लिहितोय.

आमची चिंगी दोनदा व्यायली. दुसऱ्या वेळच्या चार पिल्लांना घर शोधत गुहागरभर फिरलो, तेव्हाच ऑपरेशनचं ठरवलं. जुलैत चिपळूणला नेलं. पिशवी आणि अंडाशय दोन्ही काढले, संध्याकाळी घरी. त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

तक्रार कोनाची. साडेतीनशे रुपये मोजून ऑनलाइन मागवला. विक्रेता बदलून देईना, म्हणे मानेचं माप तुम्हीच दिलंत. अहो, मानेला बसला की झालं का? कड नाकाच्या शेंड्यापुढे दोन बोटं तरी यायला हवी. हा मिशांपाशीच संपत होता. दुसऱ्या रात्री लाईट गेलेली, बाहेर धो धो पाऊस आणि माजघरात चाटण्याची खरखर. बॅटरी मारली तर चिंगी टाका ओढत होती. एक सुटलाच. पोटात गोळा आला माझ्या.

सकाळी कोन फेकायलाच निघालो होतो. आईने जुन्या टी-शर्टच्या बाहीला पायांसाठी भोकं पाडून अंगरखा केला. दोन दिवस वाटलं, हेच खरं. पण आपल्याकडच्या पावसात सुती कापड वाळतंय कुठे? चुलीच्या उबेवर टाकूनही दमटच. चौथ्या दिवशी जखमेभोवती लाली. डॉक्टर म्हणाले, कापड काढा, जखम कोरडी आणि उघडी ठेवा.

म्हणून पुन्हा कोनच. बाबांच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेची पट्टी कापून कडेला चिकटपट्टीने जोडली, लांबी चार बोटं वाढली. तेव्हापासून जीभ टाक्यांपर्यंत पोचली नाही. बाराव्या दिवशी टाके निघाले. खायला मात्र उथळ बशी पाटावर ठेवावी लागते, नाहीतर कड जमिनीला अडते.

दुखतंय म्हणून बाबा तिला पॅरासिटामॉलचा तुकडा द्यायला निघाले होते, मी हात धरला. मांजराला ती गोळी जिवावर बेतते. डॉक्टरांनी लिहून दिलेलंच औषध द्या.

आता चिंगी ठणठणीत आहे, पण गोल झालीय. ऑपरेशननंतर भूक वाढते, अंगाची गरज मात्र कमी होते. बांगड्याची डोकी आम्ही निम्म्यावर आणलीत.

काकींना कोन दिला. एक्स-रेची पट्टी काढू नका, हे दोनदा बजावलं.