ब्लू शेड्स की प्रिल्यूड, फ्यूग अँड रिफ्स?

मारबत-बडग्याची मिरवणूक, लग्नाच्या वराती, कामठीच्या लष्करी छावणीची कवायत. नागपूरकराच्या कानाला पितळी वाद्यं नवी नाहीत. त्या वाद्यांत जॅझ मिसळला की काय होतं, हे ऐकायचं तर या दोन रचनांपैकी सुरुवात कुठून करावी?

अमेरिकन संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइनची ‘प्रिल्यूड, फ्यूग अँड रिफ्स’ १९४९ची. वूडी हर्मनच्या जॅझ बँडसाठी लिहिलेली, पण पहिल्यांदा वाजली १९५५ मध्ये, एकल क्लॅरिनेटवर जॅझवादक बेनी गुडमन. आधी पितळी वाद्यं, मग पाच सॅक्सोफोनचा फ्यूग (एकच धून एकामागून एक वाद्य उचलतं, तो प्रकार), शेवटी सगळे एकत्र. आठेक मिनिटांत दम काढते.

संगीतकार फ्रँक टिकेली १९५८ला अमेरिकेतल्या लुइझियानात जन्मला. त्याची ‘ब्लू शेड्स’ (१९९७) मोठ्या विंड बँडसाठी, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या ताफ्यासाठी आहे. बासरी, ओबो, बसूनपासून ट्यूबापर्यंत सगळ्यांना काम. ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गानप्रकारातले कोमल स्वर जागोजागी येतात, तरी ती ब्लूज नव्हे; उत्स्फूर्त वादनाला जागा नाही, सगळं लिहिलेलं. मधला संथ, काळोखा भाग मला सर्वात आवडतो. वाद्यं एकेक करून जागी होतात, घाई अजिबात नाही. पुढे क्लॅरिनेट गुडमनची आठवण देतं, आणि रेल्वेच्या शिट्ट्याही ऐकू येतात. अजनी स्टेशनजवळ राहणाऱ्याला त्या नक्कीच ओळखीच्या वाटतील.

ऐकायला मी आधी टिकेलीच सुचवीन. वाजवायचं असेल आणि तुमच्याकडे सॅक्सोफोनवाले पाच पक्के असतील, तर मात्र बर्नस्टाइन. फक्त सराव मे महिन्यात नको: उन्हाळ्यात वाद्यांचा सूर चढतो, आणि कूलरच्या घरघरीत फ्यूग ऐकू येणार नाही.