बाटलीवर ‘कार्बन’, आत भलतंच: कृष्णधवल छपाईतली शाईची फसवणूक

इंकजेट प्रिंटरवर कृष्णधवल फोटो छापण्यासाठी बाहेरची (प्रिंटर कंपनीची नसलेली) शाई आणि सीआयएस संच (बाहेरच्या टाक्यांतून नळ्यांनी सतत शाई पुरवणारी जोडणी) घेणाऱ्यांची फसवणूक बहुतेक एकाच पठडीतली असते. बाटलीवर लिहिलेलं असतं: शंभर टक्के कार्बन पिगमेंट (न विरघळणारे रंगकण), पूर्ण न्यूट्रल (कुठल्याच रंगाची झाक नसलेली), शंभर वर्षं टिकणारी. सोबत नळ्या, कार्ट्रिज, चिप, एक प्रोफाइल (शाई-कागदाच्या जोडीनुसार छपाई जुळवणारी फाइल) आणि डोळ्यांत भरेल अशी नमुना प्रिंट. सुरुवातीच्या प्रिंट छान येतात. मग काही महिन्यांत भिंतीवरच्या फोटोतले राखाडी भाग तांबूस किंवा हिरवट पडू लागतात, आणि विक्रेता कागदाकडे बोट दाखवतो.

बाहेरची शाई म्हणजे खोटी शाई, असं मुळीच नाही. काळ्या रंगाच्या गडद ते फिक्या अशा चार ते सात पातळ्या भरून, क्वाडटोन रिपसारख्या (कोणती शाई कुठे किती पडावी हे ठरवणाऱ्या) सॉफ्टवेअरने छापलेला फोटो रंगीत शाया मिसळून बनवलेल्या राखाडीपेक्षा सहज सरस ठरतो. त्या शायांना मागणी आहे, म्हणून तर नकली माल निघतो.

पहिली खूण लेबलवरच असते. कार्बन मुळात उबदार रंगाचा. गडद असताना तो काळा दिसतो, पण पातळ केला की तपकिरी झाक उघडी पडते, चकचकीत कागदावर तर जास्तच. तो न्यूट्रल करायचा तर त्यात निळसर पिगमेंट घालावं लागतं. म्हणजे ‘शंभर टक्के कार्बन’ आणि ‘पूर्ण न्यूट्रल’ हे दोन्ही दावे एकाच बाटलीवर असतील, तर त्यातला एक तरी खोटा आहे. प्रामाणिक विक्रेता सरळ सांगतो की टोनर, म्हणजे झाक बदलणारं पिगमेंट, घातलाय.

शंभर वर्षांचं गणितही असंच. टिकाऊपणाची चाचणी ठरावीक शाई आणि ठरावीक कागद अशा जोडीची असते. मूळ कंपनीच्या शाईचा आकडा उचलून आपल्या बाटलीवर चिकटवायला कुणाचं काही जात नाही. नमुना प्रिंटही अनेकदा मूळ शाईचीच असते. तेव्हा आपली फाइल पाठवून, आपल्याच कागदावर, 21 पायऱ्यांच्या राखाडी पट्टीसकट प्रिंट मागवावी. टाळाटाळ झाली की समजून जावं.

शाई हेडमध्ये (प्रिंटरच्या शाई फवारणाऱ्या भागात) जाण्याआधी एक चाचणी करायलाच हवी. टिपकागदाच्या किंवा कॉफीच्या फिल्टरच्या मध्यावर शाईचा एक थेंब ठेवा, वाळू द्या, मग त्यावर ड्रॉपरने पाण्याचे थेंब एकेक करून सोडा. खरं कार्बन पिगमेंट मध्येच काळा डाग धरून बसतं. भोवती पसरणारं पाणी जवळजवळ बिनरंगी राहतं. डाय (पाण्यात विरघळणारा रंग) वापरलेली शाई असेल तर पाण्याबरोबर जांभळी, निळी, नारिंगी अशी कडी बाहेर सरकतात, कारण काळा रंग तीन-चार डाय मिसळून बनवलेला असतो. सगळ्यात फसवा प्रकार तिसरा: मध्ये काळा डाग टिकतो, पण भोवती जांभळट कडं उमटतं. ही भेसळ आहे, थोडं पिगमेंट आणि बाकी डाय. साध्या कागदावर छापून पाण्याचं बोट फिरवण्याच्या चाचणीत ती बऱ्याचदा निसटते. टिपकागदावर मात्र पकडली जाते. प्रत्येक बाटलीची चाचणी वेगळी करा, फिक्या राखाडीची तर नक्कीच. भेसळ तिथेच जास्त चालते.

डायने बिघडतं काय? सूक्ष्मछिद्री फोटो कागदावर डाय हवेतल्या ओझोनला उघडा राहतो. मिसळलेल्या रंगांपैकी एक आधी उडतो आणि उरलेल्यांची झाक वर येते. रंगीत फोटोत हे लवकर लक्षात येत नाही, कृष्णधवल फोटोत लपत नाही. वाट न पाहता तपासायचं असेल तर राखाडी पट्टीचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाका आणि पट्टीवर काच न लावता उन्हाच्या खिडकीत काही आठवडे ठेवा.

फिक्या राखाडीत आणखी एक चलाखी असते, काळी शाई नुसत्या पाण्याने पातळ करण्याची. पिगमेंट तरंगत ठेवणारी द्रव्यं, ग्लिसरॉल, जंतुनाशक यांचं प्रमाण त्यामुळे मोडतं. बाटली न हलवता आठवडाभर उभी ठेवा आणि तळाशी उजेड धरून पाहा. थोडा गाळ बसणं साहजिक आहे, हलवल्यावर तो मिसळला पाहिजे. खडे किंवा तंतू दिसले तर ती शाई हेडसाठी विषच. ‘सर्व प्रिंटरना चालणारी’ शाईही टाळा. एप्सनच्या दाबाने शाई फेकणाऱ्या (पिएझो) हेडची आणि कॅनन, एचपीच्या उष्णतेवर चालणाऱ्या हेडची गरज वेगवेगळी असते.

सीआयएस संचात फसवणूक कमी आणि निकृष्ट माल जास्त. टाक्यांना हवेचं छोटं भोक आणि त्यावर फिल्टर हवा. छपाईच्या वेळी त्याचं बूच काढलेलं असावं. टाक्यांचा तळ प्रिंटरच्या तळाशी समपातळीत ठेवा. टाक्या उंच ठेवल्या तर सायफनने शाई हेडमधून गळते, खाली ठेवल्या तर नळीत हवा शिरते आणि मोठ्या काळ्या भागात पट्टे पडतात. विक्रेते या पट्ट्यांवर हमखास ‘हेड क्लीनिंग करा’ सांगतात. हवा शिरली असेल तर त्याने काही सुटत नाही, फक्त शाई जाते आणि टाकाऊ शाईचा पॅड भरतो. शिवाय प्रिंटर कमी वापरात असेल तर लांब नळ्यांत पिगमेंट खाली बसतं. अशा वेळी सीआयएसपेक्षा पुन्हा भरता येणारी कार्ट्रिज बरी.

मोफत मिळणाऱ्या प्रोफाइलला काडीची किंमत नाही. ती दुसऱ्या कागदासाठी, कधी दुसऱ्याच प्रिंटरसाठी बनवलेली असते. ड्रायव्हरमधला कृष्णधवल मोडही मूळ शायांवर बेतलेला असतो. बाहेरच्या शाईवर तो वापरला की सावल्यांतला तपशील काळ्यात बुडतो किंवा झाक येते. लिनिअरायझेशन, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या समान अंतराने जुळवणं, आपल्याच कागदावर करावं लागतं.

तक्रार टिकवायची तर पुरावा आधीच जमवा: सीलबंद बाटलीचे आणि बॅच क्रमांकाचे फोटो, शाई भरण्याआधीची आणि नंतरची नोझल चेक (हेडच्या सगळ्या भोकांतून शाई येते का हे दाखवणारी छापील चाचणी), तारीख घातलेली राखाडी पट्टी, आणि प्रत्येक बाटलीतली 10 मिलि शाई वेगळ्या कुपीत. बॅच क्रमांक नसलेली बाटली परत करा. पहिली ऑर्डर चांगली निघाली म्हणून दुसरी चाचणीविना भरू नका. बॅच बदलली की आतला मालही बदललेला सापडतो.

खोटी शाई आत गेलीच असेल तर तिच्यावर चांगली ओतू नका. दोन उत्पादकांची पिगमेंट एकत्र येऊन हेडमध्येच गोठू शकतात. आधी नळ्या सिरिंजने रिकाम्या करा, सफाईचा द्रव भरा आणि नोझल चेक कोरी येईपर्यंत तो ओढू द्या. मग दोन्ही शायांचे काही थेंब काचेवर मिसळून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी कण दिसले नाहीत, तर नवी शाई भरायला हरकत नाही.