खणभागातले रेडिओवाले काका: काम चोख, वेळेचं काही विचारू नका

वडिलांचा मर्फीचा व्हॉल्व्ह सेट, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा जुना रेडिओ, माळ्यावर पडून होता. एका दुकानात दाखवला, तर म्हणे आतलं काढून ब्लूटूथचं किट बसवतो. तिथून उठलोच. मग कुणीतरी सांगलीच्या खणभागातल्या या बिनपाटीच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता दिला.

काकांनी सेट थेट प्लगला लावलाच नाही. आधी धूळ झाडली, सुकलेले कंडेन्सर बदलले, डायलची नवी दोरी ओवली आणि मग शंभर वॅटचा दिवा सिरीजमध्ये घालून करंट दिला, म्हणजे आत शॉर्ट असला तर दिवा पेटतो, सेट वाचतो. व्हॉल्व्ह गेलेला तेवढा एकच बदलला. आवाज तपासायला मागच्या पिकअपच्या (ग्रामोफोन जोडायच्या) भोकांत मोबाईलची वायर खुपसून ख्याल लावला. "तानपुरा सुटा ऐकू आला पाहिजे," म्हणाले.

मग गप्पा रंगल्या. रेडिओचं मुंबई केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं, ताकद जेमतेम दीड किलोवॅट. टेप नव्हतीच, तबकडी लावायची नसेल तर गवई स्टुडिओत आणून बसवायचा. आवाजाचा तोल सांभाळायचा तो अंतरावर: गवई माईकजवळ, तबला मागे सरकवलेला. रात्रभर मैफल करणाऱ्यांनी घड्याळाकडे बघत राग आटोपायचा. चूक झाली तर ती गेलीच हवेत!

मी भजनी मंडळात पेटी धरतो, हे कळल्यावर काकांनी मुद्दाम मीठ चोळलं. रेडिओवर 1940 ते 1971 पेटीला बंदी होती. आमचं सांगली केंद्र 1963 चं, म्हणजे जन्मलंच बंदीत. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) निघत नाही हे मान्य, पण तीस वर्षं वाळीत टाकायचं?

असो. सेटचा आवाज गोड आहे, माणसाचा गळा अगदी समोर येतो. ढोल-ताशा दणदणीत हवा असेल त्यांनी नवा स्पीकर घ्यावा. घरात एलईडी दिवे लावले की मिडियम वेव्हवर खरखर यायची. काकांच्या सांगण्यावरून गच्चीवर एरियलची तार ओढली, तेव्हा बरीच कमी झाली.

बिल 2,600 रुपये, पावती नाही. दसऱ्याला देतो म्हणालेले, दिवाळी उलटून गेली. फोन उचलत नाहीत, दुपारी दुकान बंद. पॉलिशला हात लावत नाहीत, ते सुताराकडून करून घ्या. आणि सेट देताना मागचे स्क्रू पुडीत बांधून द्या. माझे दोन तिथल्या पसाऱ्यात गेले, त्या जागी आता सायकलचे बसलेत.