ठाण्याच्या बाजारातला आहेर: 'सोबत' जाणाऱ्याने काय घ्यावं

आमंत्रण मैत्रिणीला किंवा मित्राला, आणि आपण जाणार सोबत म्हणून. यजमान आपल्याला ओळखत नाहीत, पत्रिकेवर आपलं नाव नाही, पण पंगतीला आपणही बसणार. आहेर वेगळा द्यायचा की दोघांत एक? ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला जांभळी नाका, गोखले रोड आणि राम मारुती रोड अशी एक फेरी मारली की आहेराचा बहुतेक माल नजरेखालून जातो. त्यातलं नेमकं या अडचणीला काय चालतं, त्याची ही पाहणी. संध्याकाळी गोखले रोडवर गाडी लावायला जागा मिळणं कठीण, तेव्हा फेरी पायीच मारलेली बरी.

खरेदीआधी वहीचा विचार करावा. आपल्याकडे आहेर लिहून ठेवतात: नाव, रक्कम किंवा वस्तू. उद्या त्या माणसाकडे कार्य निघालं की वही उघडायची आणि तेवढाच किंवा थोडा चढता आहेर करायचा. सोबत गेलेल्याचं त्या घरात खातंच नाही. त्याने स्वतंत्र पाकीट दिलं तर वहीत अनोळखी नाव चढतं, आणि परतफेड कुणाला करायची हा प्रश्न त्या घरावर पडतो. म्हणून एकच आहेर, आमंत्रिताच्या नावाने, दोन माणसांना शोभेल असा. एकट्याने ५०१ दिले असते तिथे दोघांचे १००१. सोबत्याने आपला वाटा आमंत्रिताला आदल्या दिवशीच देऊन टाकावा, हॉलच्या दारात खिसे चाचपत बसू नये. पत्रिकेवर दोघांची नावं असतील किंवा वधूवरांपैकी कुणी सोबत्याच्याही ओळखीचं असेल, तर अर्थातच त्याने वेगळा आहेर करावा.

पाकिटावर दोन नावं घालताना जपून. दोन वेगळी आडनावं 'आणि'ने जोडली की आहेर लिहिणाऱ्या मावशींच्या दृष्टीने ती साखरपुड्याची बातमी असते. तशी बातमी द्यायची नसेल तर पाकिटावर आमंत्रिताचं पूर्ण नाव लिहावं आणि सोबत्याचं नुसतं पहिलं नाव आतल्या शुभेच्छा कार्डावर.

या कामाला सगळ्यात सरस वस्तू म्हणजे साधं आहेराचं पाकीट. पण घेताना ते पारखून घ्यावं. ५०० ची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ रुंद असते. काही नक्षीदार पाकिटं आखूड निघतात, मग कोरी नोट दुमडावी लागते. दुकानातच नोट घालून बघावी. बाहेर चिकटवलेलं रुपयाचं नाणं ही दुसरी कटकट. गोंद कच्चा असेल तर ते पर्समध्येच सुटतं आणि १००१ चे १००० होतात. नाण्यासाठी खाच किंवा प्लास्टिकची टोपी असलेलं पाकीट घ्यावं, नाहीतर नाणं आतल्या बाजूने चिकटपट्टीने लावावं. चकचकीत किंवा मखमली कागदावर बॉलपेन उमटत नाही आणि जेल पेनची शाई पसरते. नाव मागच्या साध्या कागदावर, नोटा घालण्याआधी लिहावं. मजकूरही वाचावा. 'शुभाशीर्वाद' छापलेलं पाकीट वडीलधाऱ्यांचं. वराच्या वयाच्या मित्राने ते दिलं तर स्टेजवर हसू होतं, त्याच्यासाठी 'हार्दिक शुभेच्छा'च बरं.

चेक घालणार असाल तर वधूचं लग्नानंतरचं नाव त्यावर लिहू नये. खातं जुन्या नावावर असतं, आणि चेकची मुदत तीन महिन्यांची. तेवढ्यात बँकेत नाव बदलून झालेलं नसेल तर तो चेक वटत नाही.

चांदीचं नाणं दोघांत मिळून द्यायला दिसायला छान आणि वहीतही एका ओळीत बसतं. इथे मात्र डोळे उघडे हवेत. मोठ्या कार्डात बसवलेलं नाणं प्रत्यक्षात एक-दोन ग्रॅमचं असू शकतं. कार्डाच्या आकारावर जाऊ नये, वजन विचारावं. भाव रोज बदलतो, म्हणून आधी बजेट सांगावं आणि त्यात बसेल ते वजन घ्यावं. बिलावर वजन, शुद्धता, दर, मजुरी आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे दिसले पाहिजेत. चांदीचं हॉलमार्किंग सोन्यासारखं सक्तीचं नाही, पण १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवरही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा ओळख क्रमांक येतो, आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर दुकानातच तपासता येतो. काचेच्या फ्रेममधला 'सिल्व्हर कोटेड' गणपती हा मुलाम्याचा प्रकार आहे. शोभेला ठीक, पण मोडीत त्याचे पैसे येतील या आशेवर देऊ नये. नाणं रबरबँड लावून ठेवू नये; रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच डबीत ठेवावं. बिल मात्र आहेरात नको, आमंत्रिताकडे राहू द्यावं.

मॉलमधलं गिफ्ट कार्ड नव्या संसाराला उपयोगाचं खरं. बँकेच्या गिफ्ट कार्डाला रिझर्व्ह बँकेची १०,००० रुपयांची मर्यादा आहे, मुदत किमान एक वर्षाची, पुन्हा रक्कम भरता येत नाही आणि रोखही काढता येत नाही. एकाच ब्रँडच्या कार्डाचे नियम त्या ब्रँडचे, ते काउंटरवर वाचून घ्यावेत. सगळ्यात जास्त चुकतं ते चालू करण्यात: काउंटरवर सक्रिय न केलेलं कार्ड म्हणजे प्लास्टिकचा तुकडा. पावतीवर तसं छापून आलंय का ते बघावं आणि रक्कम कार्डाच्या पाकिटावर लिहावी, नाहीतर वही लिहिणारा 'कार्ड' एवढंच लिहून पुढे जातो. यूपीआयने पाठवायचं असेल तर आमंत्रिताच्या मोबाइलवरून, शेऱ्यात नाव लिहून.

पुष्पगुच्छ? फोटो झाला की पाच मिनिटांत स्टेजमागच्या खुर्चीखाली. खर्च वाया.

भांडी हा जुना आणि अजूनही चांगला पर्याय, पण सोबत्याच्या आहेरात मोठा डबा नको. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या हॉलपर्यंत तो मांडीवर घेऊन रिक्षाने जावं लागतं. तांब्याचा तांब्या-भांडं किंवा पितळी दिवा हातात मावतो. पितळी कढई किंवा पातेलं देत असाल तर कल्हई केलेलंच घ्यावं, कारण कल्हईशिवाय त्यात ताक, चिंच, टोमॅटो कळकतात. अनेक भांडीवाले यंत्राने नाव घालून देतात. ते घालण्याआधी कागदावर लिहून वेलांट्या-उकारांसकट तपासून द्यावं. नाव पडलं की दुकानदार भांडं बदलून देत नाही. 'यांजकडून'च्या आधी आमंत्रिताचं नाव पुरे. सोबत्याचं नाव कोरून घेऊ नये, ते पुसता येत नाही.

आणि पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असेल तर यातलं काहीच घेऊ नये, पाकीटही नाही. आमंत्रिताने दोन-तीन दिवस आधी फोन करून "आम्ही दोघं येतोय" एवढं मात्र नक्की कळवावं, कारण हॉलवाल्याला ताटांचा आकडा आधी द्यावा लागतो.