सांगलीतील लिम्फोमा चाचणीच्या समुपदेशनाचा अनुभव

वडिलांना डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा एक कर्करोग) असल्याचे कळल्यावर सांगलीच्या एका रुग्णालयात, प्रचलित औषधांना नव्या औषधाची जोड देऊन पाहणाऱ्या चाचणीची माहिती आम्हाला मिळाली, आणि ती देण्याची पद्धत मला मनापासून आवडली. डॉक्टरांनी तासभर बसून सांगितले की, चार औषधांच्या ‘चॉप’ या केमोथेरपीला रिटुक्सिमॅब या, बी-पेशींना लक्ष्य करणाऱ्या औषधाची जोड दिल्यावर, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत, ६० ते ८० वर्षांच्या ३९९ रुग्णांमध्ये आजार पूर्ण आटोक्यात येण्याचे प्रमाण ६३ वरून ७६ टक्क्यांवर गेले. मात्र औषधे वाढवली की गुण वाढतोच असे नाही. १९९३ साली अमेरिकेत चॉपशी तुलना केलेली तीन अधिक तीव्र मिश्रणे सरस ठरली नव्हती, हेही त्यांनी दडवले नाही. कोणता उपचार कोणाला मिळेल हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरते आणि चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते, हे ऐकून वडिलांचा चेहरा निवळला. मराठी संमतीपत्र घरी न्यायला दिले, ही मोठीच गोष्ट. फक्त सीटीआरआयचा, म्हणजे भारतातील औषध-चाचण्यांच्या अधिकृत नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मिळायला दोन खेपा घालाव्या लागल्या. तो पहिल्याच भेटीत हाती द्यायला हवा होता.